आत्यांचे दोन कॅन्सर

आमच्या घरात डॉक्टरांशी बोलायचं खातं माझ्याकडे आहे. कुणी ठरवून दिलेलं नाही, ते आपसूक माझ्याकडे आलं. नवऱ्याला दवाखान्याच्या पायरीवरच घाम फुटतो. नणंद मोडनिंबला दिलेली, ती येते तीच रडायच्या तयारीने. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं की "बरंय की, तुमचं कसं हाय?" म्हणून उलट त्यांचीच चौकशी करणार. राहता राहिले मी. मी शाळेत गणित शिकवते, दोन इंग्रजी शब्द मला कळतात, आणि गप्प बसणं मला जमत नाही. एवढ्या भांडवलावर मी घरातली अर्धी डॉक्टर होऊन बसले.

सासूला आत्या म्हणायची आमच्याकडे रीतच आहे. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा आत्या घरी बटणं लावायचं काम करायच्या. इथे शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ. शर्ट शिवून झाले की त्यांचे गठ्ठे बायकांच्या घरी येतात आणि बटणं लागून परत जातात. आत्या बाहेरच्या खोलीत दाराशी उजेडाला बसायच्या, दातात दोरा, मांडीवर पांढऱ्या शर्टांचा ढीग. बोलणं चालू, हात चालू. मी वर्गात शिरले की आधी पोरांच्या बटणांकडे बघते, ही सवय मला त्यांच्यामुळेच लागली.

त्यांना शौचातून रक्त जात होतं. ते त्यांनी किती महिने लपवलं ते त्यांनाच माहीत. कळलं ते असं, की एकदा बटण लावता लावता त्या बसल्या जागी कलंडल्या. तपासलं तर अंगात रक्त जेमतेम. "मूळव्याध हाय गं, आमच्यात समद्यांनाच हाय," त्या म्हणाल्या. मीच हट्ट धरून त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

नळी घालून तपासलं तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ दिसली. नळीतूनच तिचा तुकडा काढला, तो कॅन्सरचा निघाला. मग पोटाचा स्कॅन झाला. त्यात लिव्हरवर एक डाग दिसला.

आम्हाला कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तरुण माणूस, बोलणं हळू. त्यांनी मला आत बोलावलं. आत्या बाहेर बाकड्यावर होत्या आणि नवरा समोरच्या टपरीवर चहा घ्यायला म्हणून जो गेला होता तो गेलाच होता. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आतड्याचा कॅन्सर असला आणि लिव्हरवर डाग दिसला, तर बहुतेक वेळा तो आतड्यातूनच तिकडे गेलेला असतो. पण हा एकच आहे, आणि मला दिसायला थोडा वेगळा वाटतोय. सुई घालून तुकडा घेऊ आणि तपासू. एकदा खात्री झालेली बरी."

सुई म्हटल्यावर माझे कान बंद झाले.

माझं माहेर करकंबचं. वडिलांच्या मानेला गाठ आली होती, तेव्हा पंढरपूरच्या दवाखान्यात तिला सुई लावून पाणी काढलं. त्या वर्षीचा ऊस तुटायच्या आत वडील गेले. घरात सगळे एकच बोलत होते, गाठीला सुई लावली आणि ती चाळवली. माझी आई आजही कुणाच्या अंगावर गाठ दिसली की पहिलं हेच सांगते, हात लावू देऊ नका, चाळवते. मी तेव्हा कॉलेजात होते. असं काही पुस्तकात नाही हे मला ठाऊक होतं. पण वडील गेले होते, आणि पुस्तक तर जागच्या जागी होतं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, मी ताकाचं भांडंच ढकलून दिलं.

मी म्हणाले, "सुई नको." डॉक्टरांनी समजावलं. हा गैरसमज आहे, सुईने कॅन्सर पसरल्याचं फार क्वचित घडतं, न तपासण्यात जास्त धोका आहे. मी म्हणाले, "गैरसमज असेल, पण आम्हाला नको." त्या 'आम्हाला'मध्ये मी एकटीच होते. गंमत म्हणजे आतड्यातला तुकडा काढला तेव्हा मी चकार शब्द काढला नव्हता, कारण त्याला कुणी सुई म्हणालं नव्हतं. गणित शिकवणाऱ्या बाईचं हे तर्कशास्त्र.

डॉक्टर म्हणाले, "मग पसरलेला आहे असं धरूनच औषध द्यावं लागेल. ऑपरेशनचं नंतर बघू." मी मान हलवली. बाहेर आले आणि आत्यांना सांगितलं, "ते लिव्हरला सुई लावू म्हणत होते. मी नाही म्हणाले. माझ्या वडिलांचं काय झालं ते मी बघितलंय." आत्या म्हणाल्या, "तुला समजतंय, तू म्हणशील तसं." नवरा चहा घेऊन आला तेव्हा त्याला बाजूला नेऊन सांगितलं, "पसरलाय." डॉक्टरांच्या बोलण्यातला 'पण' मी त्याला सांगितला नाही. लपवला असं नाही. तो मी कुठेतरी टाकूनच दिला होता.

आत्यांना खरं सांगायचं नाही, हे आम्ही तिघांनी, मी, नवरा आणि फोनवरून नणंदेने, दोन मिनिटांत ठरवून टाकलं. आमच्याकडे असंच करतात. माणूस रोगाने नाही तर धसक्याने जातं, असं सगळ्यांचं पक्कं मत. म्हणून आत्यांना सांगितलं की आतड्याला जखम झाली आहे, सलाईन लावून भरून येईल. केमोला आम्ही घरात सलाईन म्हणायचो. माझ्या मुलीलाही तसंच शिकवलं.

सलाईनने आत्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. थंड पाण्याला हात लागला की त्या झटका बसल्यागत हात मागे घ्यायच्या. बटण चिमटीत धरलं तर धरल्याचं कळायचं नाही, सुई हातातून निसटायची. गठ्ठे यायचे थांबले. एकदा त्यांनी विचारलं, "जखमेला इतकं सलाईन लागतंय व्हय?" मी म्हणाले, "खोल आहे, आत्या." त्यांनी बोटं चोळली.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्याकडे माणूस फार दिवसांचं नाही असं कळलं की नातेवाईक भेटून जातात. येताना त्या माणसाच्या आवडीचं काहीतरी करून आणतात, समोर बसून चार घास खायला लावतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि जातात. निरोप कुणी म्हणत नाही. मी वळसंगला आत्यांच्या धाकट्या बहिणीला फोन केला, मोडनिंबला नणंदेला केला, आणखी कुणाकुणाला केला. म्हणाले, "सवडीनं एकदा येऊन जा." एवढं म्हटलं की पुढचं समजतं.

आले की सगळे. बहिणीने हुलग्याचं माडगं आणलं. नणंदेने शेंगापोळ्या आणल्या आणि नवं लुगडं आणलं. जो येईल तो आत्यांजवळ बसून विचारायचा, "काय खावंसं वाटतंय?" आत्या दोन-तीन दिवस उत्तरं देत राहिल्या. मग एका दुपारी घर भरलेलं असताना म्हणाल्या, "काय खावंसं वाटतंय, काय खावंसं वाटतंय, म्या काय पोटुशी हाय व्हय?" सगळे गरजेपेक्षा जास्त हसले. आत्याही हसल्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पोटुशी न्हाय, म्हंजे दुसरंच हाय."

त्या आणि त्यांची बहीण महत्त्वाचं बोलायचं असलं की कानडीत बोलतात. लहानपण वळसंगला गेलेलं, आजूबाजूला कानडी. मला त्यातलं काही कळत नाही. त्या दुपारी दोघी कितीतरी वेळ कानडीत बोलत होत्या, आणि बहीण पदराने सारखं नाक पुसत होती. मी स्वयंपाकघरात पोह्यांवर शेव टाकत उभी होते. आपण ज्या बाईपासून लपवतोय ती आता आपल्यापासून लपवतेय, हे मला कळत होतं, आणि त्याचा रागही येत होता. राग कसला, लाज होती ती.

उन्हाळा सरता सरता पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी लावून दाखवली. आतड्यातली गाठ चांगलीच आकसली होती. लिव्हरवरचा डाग मात्र वाढला होता. ते म्हणाले, "दोन्ही एकाच जातीचे असते तर औषध दोन्हीकडे लागू पडायला हवं होतं. आता सुई लावलीच पाहिजे." या खेपेला मी लगेच हो म्हणाले.

नाही म्हणाल्या आत्या.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सुई नगं. तुझ्या बापाचं काय झालं, तूच सांगितलंस की."

"ते माझं चुकलं, आत्या. सुईनं तसं होत नाही."

"तवा हुत हुतं, आता हुत न्हाय व्हय?"

जखम म्हणून सांगितलेल्या दुखण्याला सुई कशाला हवी, हे खरं सांगितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मी गॅस बंद केला, त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "आत्या, तुम्हाला कॅन्सर आहे."

"ते ठाव हाय," त्या म्हणाल्या. "वळसंगवाली माडगं घिऊन आली तवाच कळलं. जल्मात कधी तिनं मला घोटभर पाणी इचारलं न्हाय. फुडं सांग."

मी पुढचं सांगितलं. आतड्यात काय आहे, लिव्हरवर काय आहे, सुई कशासाठी. त्या मध्येच थांबवून विचारायच्या, मी उत्तर द्यायची. इतक्या महिन्यांत आम्ही दोघी पहिल्यांदा एकाच आजाराबद्दल बोलत होतो. एक गोष्ट तेवढी मी गिळली. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी शंका आली होती आणि ते तेव्हाच खात्री करू म्हणत होते, हे मी सांगितलं नाही. शेवटी आत्या म्हणाल्या, "लावू दे सुई. मला आदीच सांगितलं असतंस तर इतका येळ गेला नसता की." त्या सुई लावण्याबद्दल झालेल्या वादावादीचं म्हणत होत्या. मला ते भलतीकडेच लागलं.

सुईचा निकाल ऐकायला मी एकटी गेले. डॉक्टर म्हणाले, लिव्हरवरचा कॅन्सर आतड्यातून गेलेला नाही, तो लिव्हरमध्येच, पित्ताच्या बारीक नळ्यांत सुरू झालाय. आजीबाईंना दोन वेगवेगळे कॅन्सर आहेत. हा दुसरा मुळात विरळा, आणि आतड्याच्या कॅन्सरच्या जोडीला तो सापडणं त्याहून विरळं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मॅडम, ही एका अर्थी चांगली बातमी आहे. पसरलेला नाही, म्हणजे दोन्ही काढून टाकायचा विचार करता येईल."

आता इथे जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला पहिल्यांदा आनंद झाला नाही. मी दमल्यासारखी झाले. आत्या जाणार हे मी इतके महिने मनात घोळवलं होतं, की बाहेरच्या खोलीत दाराशी, त्या बसतात तिथे, मुलीच्या अभ्यासाचं टेबल कसं बसेल हेही माझं ठरून गेलं होतं. डॉक्टर जगण्याचं बोलत होते आणि मी मनातल्या मनात ते टेबल उचलून परत ठेवत होते. आनंद झाला तो मागून, रिक्षात, आणि तो झाला तेव्हा मी इतकी रडले की रिक्षावाल्याने विचारलं, "कुणी गेलं काय, ताई?"

आत्यांना समजावणं त्या मानाने सोपं गेलं. मी म्हणाले, "एक कॅन्सर दोन ठिकाणी नाही, दोन वेगळे आहेत." "म्हंजे हरळी न्हवं," त्या म्हणाल्या. "हितली मुळी तितं गेली, असं न्हाय. दोन झाडं येगळी उगवलीत. मग उपटायची की दोनी." हरळीने भरलेलं रान त्यांनी लहानपणी खुरपलेलं होतं. मी वहीवर काढलेली आकृती तशीच मिटून ठेवली.

ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे मात्र आम्ही तिघं गेलो, नवरासुद्धा. ते वयाने मोठे, स्पष्ट बोलणारे. आतड्याचा तुकडा आणि लिव्हरचा मोठा भाग काढावा लागेल. डाग वाढल्यामुळे आता पहिल्यापेक्षा जास्त कापावं लागेल. या वयात धोका आहे. नाही केलं तर औषधांवर काही काळ जाईल. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानेही माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडाला तर सवयच, मी सुरू झाले, "त्यांचं वय बघता आम्हाला असं वाटतं..."

"डॉक्टर," आत्या म्हणाल्या, "मला जगायचं हाय की. मला इचारा."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मी गप्प बसले. आपल्याला गप्प बसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन झालं. आत्या त्यातून उठल्या. बरेच दिवस नळ्या लावलेल्या होत्या, तशातही नर्सच्या ड्रेसचं सुटलेलं बटण त्यांनी दाखवून दिलं. काढलेल्या भागांचा रिपोर्ट आला तेव्हा पुन्हा मीच आत होते. आतड्याकडचं काम स्वच्छ झालं होतं. लिव्हरचा डागही पुरता निघाला होता, पण त्याच्या शेजारच्या एका लिम्फच्या गाठीत त्याचे कण सापडले होते. म्हणजे तो तिथून बाहेर पडायला लागला होता. औषध सुरू ठेवू, लक्ष ठेवू, पण परत येण्याची शक्यता मोठी आहे, असं ते पहिले, कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "पहिल्याच वेळी सुई लावली असती तर?"

त्यांनी फाईल बंद केली. "मॅडम, असं मागे जाऊन सांगता येत नाही."

त्यांनी मला दोष दिला असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. त्यांनी दिला नाही. मी जिना उतरून खाली आले आणि गेटजवळच्या कट्ट्यावर बसून राहिले. तेव्हापासून तो प्रश्न मी रोज स्वतःला विचारते, कपडे वाळत घालताना, फळ्यावर समीकरण लिहिताना. उत्तर येत नाही. बहुतेक वेळा मीच ते येऊ देत नाही.

आता आत्या घरी आहेत. गोळ्या चालू आहेत. बोटांना अजून नीट कळत नाही, पण दाराशी बसतात आणि मुलीच्या जुन्या फ्रॉकवर मोठी बटणं लावायचा प्रयत्न करतात. गेल्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. नवरा कामावर, मुलगी क्लासला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. गाठीत सापडलेले कण सांगितले. पहिल्या दिवशीची डॉक्टरांची शंका सांगितली. त्यांनी केलेला आग्रह सांगितला, आणि कुणालाही न विचारता मी नाही म्हणाले तेही सांगितलं. टेबलाचंही सांगितलं. काही बाकी ठेवलं नाही.

आत्या ऐकत होत्या. हातातलं बटण निसटून खाली पडलं, ते मी उचलून दिलं.

"तवाच सुई लावली असती तर मी वाचले असते?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आत्या. कदाचित."

"लई शाणी हायेस तू," त्या म्हणाल्या. हे कौतुक नव्हतं. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, शेजारीण घागरी घेऊन पळाली, तिला त्यांनी हाक मारून थांबवलं नाही. मी उठायला लागले तशी त्यांनी माझा हात धरला. मुंग्या येणाऱ्या बोटांनी धरला, त्यामुळे फार घट्ट धरला.

"माझ्या ल्योकाला सांगितलंस हे?"

"नाही."

"लेकीला?"

"नाही."

"मग सांगू बी नगंस. ल्योक बोलायचा न्हाय, पर मनात धरंल. आन् लेक तुला जल्मभर बोलंल. तवा मधी पडायला मी नसंन."